भ्यालेल्या माणसाची तबकडी



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी हयातभर टूलरूममध्ये नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी आळीतल्या पोरांना घरी बोलावून गाणं ऐकवलं. कारखाना आणि गाणं या दोन्ही गोष्टी त्यांच्या घरात सुखानं नांदल्या. त्यामुळे या वर्षी बोलायचं निमंत्रण आलं तेव्हा विषय शोधत बसावं लागलं नाही.

१३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, इंग्लंडमध्ये व्हर्टिगो कंपनीनं एक तबकडी बाजारात आणली. वाजवणाऱ्यांचं नाव ब्लॅक सॅबथ, तबकडीचं नाव तेच आणि तिच्यावरच्या पहिल्या गाण्याचं नावही तेच. बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली चार पोरं, विशी-एकविशीतली. आज ज्याला हेवी मेटल म्हणतात, त्या संगीताची सुरुवात बहुतेक जाणकार या तबकडीपासून धरतात. पन्नासहून अधिक वर्षं तिच्या मागे एक बोलवा लागलेली आहे की ही सैतानाच्या उपासकांची करणी. ती पुन्हा पुन्हा ऐकून माझं मत अगदी वेगळं झालं आहे. ही भ्यालेल्या माणसाची तबकडी आहे. आणि ती भीती इतक्या ताकदीनं वाजली, याचं श्रेय मी कुठल्याही काळ्या विद्येला न देता चार कामगार पोरांच्या हातांना देतो. आजचं सगळं बोलणं त्या हातांविषयी आहे.

बर्मिंगहॅममध्ये शस्त्रं आणि विमानांचे भाग बनत, म्हणून दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांनी ते शहर भाजून काढलं. ही पोरं युद्धानंतर जन्मली, पण पडक्या घरांच्या ढिगाऱ्यांत खेळून मोठी झाली. शाळा पंधराव्या वर्षी सुटायची आणि पुढे बहुतेकांच्या नशिबी कारखान्याचं फाटक. जॉन ऑस्बर्न, ज्याला सगळे ऑझी म्हणत, लुकासच्या कारखान्यात मोटारींचे भोंगे जुळवायचा. मग कत्तलखान्यात लागला. घरफोडीत सापडून विन्सन ग्रीनच्या तुरुंगात काही आठवडे काढून आला. टेरेन्स बटलर ऊर्फ गीझर हा आयरिश कॅथलिक घरातला मुलगा हिशेबाच्या कचेरीत उमेदवारी करत होता. बिल वॉर्ड ड्रम वाजवायचा आणि अमेरिकन जाझ ऐकायचा. चौथा टोनी आयोमी. तो वेल्डर होता.

आयोमीपाशी थोडं थांबायला हवं. तो डावखुरा. म्हणजे डाव्या हातानं तारा छेडायच्या आणि उजव्या हाताच्या बोटांनी पडद्यांवर दाबायच्या. सतरा वर्षांचा असताना त्याला एका बँडबरोबर युरोपच्या दौऱ्यावर जायची संधी आली. त्यानं पत्र्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत घरी आला तो परत जायचंच नाही असं ठरवून. आईनं मात्र घरात बसू दिलं नाही. हातातलं काम पुरं करूनच ये म्हणाली. त्या दिवशी प्रेसवरची बाई कामावर आली नव्हती, म्हणून या सवय नसलेल्या पोराला त्या यंत्रावर उभं केलं. प्रेस खाली आला, त्यानं दचकून हात मागे ओढला, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक यंत्रातच राहिलं. प्रेस शॉपमध्ये पाळ्या केलेली माणसं या सभागृहात बसली आहेत. त्यांना याहून जास्त सांगायला नको.

आता गिटार विसर, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग कारखान्याचा व्यवस्थापक एक रेकॉर्ड घेऊन त्याच्या घरी आला. आयोमीला काही ऐकायचं नव्हतं, पण त्या गृहस्थानं आग्रहानं ऐकवली. ती जँगो राइनहार्टची होती. १९२८ मध्ये आगीत डाव्या हाताची दोन बोटं निकामी झालेला आणि तरीही जाझच्या जगात अव्वल ठरलेला हा गिटारवादक. एका कारखान्याच्या साहेबाला त्या पोराच्या दुःखावर नेमकं औषध सुचलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. संगीताच्या इतिहासात त्या साहेबाचीही जागा आहे.

पुढचं काम आयोमीनं स्वतः केलं, आणि ते अस्सल टूलरूमचं काम आहे. भांडी घासायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली त्यानं वितळवली आणि तिचा गोळा केला. तापलेल्या सोल्डरिंग आयर्ननं त्याला बोट जाईल असं भोक पाडलं. मग पॉलिश पेपरनं तासन् तास घासून शिंप्याच्या अंगुस्तानासारखी दोन टोपणं घडवली. प्लॅस्टिक तारेवरून घसरायचं, म्हणून जुन्या जाकिटाचं चामडं कापून वर चिकटवलं. ते चामडं किती जाड हवं, किती गुळगुळीत हवं, हे वापरून वापरूनच ठरत गेलं. तरी नेहमीच्या तारा त्या टोपणांखाली फार कडक लागायच्या. हलक्या तारांचे संच तेव्हा दुकानात मिळत नसत, मग बँजोच्या तारा आणून गिटारवर चढवल्या. बोटाच्या टोकाला तारेचा स्पर्श उरला नव्हता. तार नीट दाबली गेली की नाही, याचा निवाडा कानानंच करायचा. बोटं फार फाकवावी लागू नयेत म्हणून त्यानं मूळ स्वर आणि त्याचा पंचम एकदम वाजवण्याची साधी, भरभक्कम जोडणी जवळ केली. तिचा आवाज वाढवला की दोनच स्वर भिंतीसारखे उभे राहतात.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो चांगल्या लेखांतही आढळतो. बोटांमुळे आयोमीनं तारा उतरवल्या आणि त्यातून या पहिल्या तबकडीचा जड आवाज जन्मला, असं लिहिलं जातं. तारा चांगल्या दीड स्वर उतरवणं हे १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या तिसऱ्या अल्बमचं वैशिष्ट्य आहे. पहिला अल्बम नेहमीच्या पट्टीत लावलेल्या तारांवरच वाजला आहे. तेव्हा इथला जडपणा नुसत्या खर्जामुळे आलेला नाही. तो स्वरांच्या निवडीतून आला, संथ लयीतून आला, आणि दोन आघातांच्या मध्ये सोडलेल्या मोकळ्या जागेतून आला. त्या पोराला किती कळत होतं हे या मोकळ्या जागेत कळतं.

१९६८ मध्ये हे चौघं एकत्र आले. आधी पोल्का टल्क ब्लूज बँड असं विचित्र नाव, मग नुसतं ‘अर्थ’. वाजवायचे ते दुसऱ्यांचे ब्लूज. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आयोमी जेथ्रो टल या नावारूपाला येत असलेल्या बँडमध्ये गेला, रोलिंग स्टोन्सच्या ‘रॉक अँड रोल सर्कस’मध्ये त्यांच्याबरोबर दिसलाही. तिथे रमला नाही. परत आला तो एक शिस्त घेऊन, की सकाळी नऊला तालीम. ज्यांची उभी हयात भोंग्यावर जायची, त्यांनी स्वतःच्या गाण्यासाठी स्वतःच भोंगा लावून घेतला. मग हॅम्बुर्गचा स्टार क्लब आणि स्वित्झर्लंडमधले मुक्काम. तिथे एका दिवसात पाऊण-पाऊण तासाचे अनेक खेळ करायचे, समोर माणसं असोत वा नसोत. गाणी कमी आणि वेळ जास्त, त्यामुळे गाणी ताणावी लागत, मध्येच नवं काही शोधावं लागे. बैठक अशानंच पक्की होते.

‘अर्थ’ नावाचा आणखी एक बँड निघाला, तेव्हा १९६९ च्या उन्हाळ्यात नाव बदलायची वेळ आली. मारियो बाव्हा या इटालियन दिग्दर्शकाचा, बोरिस कार्लॉफ असलेला एक भयपट इंग्रजीत ‘ब्लॅक सॅबथ’ नावानं चालला होता. तालमीच्या जागेसमोरच्या थिएटरबाहेर रांग लागलेली पाहून यांना प्रश्न पडला की घाबरायला लोक पैसे मोजतात, तर मग घाबरवणारं संगीत का असू नये? नाव तिथून आलं. त्यामागे एवढाच व्यवहार होता.

१६ ऑक्टोबर १९६९. लंडनमधला रीजंट साउंड स्टुडिओ, निर्माता रॉजर बेन, ध्वनिमुद्रक टॉम ॲलम. चार ट्रॅकचं यंत्र आणि सगळा मिळून सुमारे ६०० पौंडांचा खर्च. एका दिवसात चौघांनी गाणी वाजवून टाकली. तिघं एकत्र वाजवत होते आणि ऑझी आडोशाच्या खोलीत उभा राहून त्याच वेळी गात होता. फेरध्वनिमुद्रणाची चैन जवळजवळ नव्हतीच. काही ठिकाणी गिटारवर दुसरी गिटार चढवली, तेवढंच. मध्येच आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टरचा पिकअप बिघडला. राखीव म्हणून आणलेली गिब्सन एसजी त्यानं उचलली आणि त्या घडणीची गिटार पुढे त्याची ओळखच झाली. काम संपवून मंडळी दुसऱ्या दिवशी स्वित्झर्लंडच्या कार्यक्रमांना निघाली. या एका दिवसाचं कौतुक सगळे करतात. मला त्यामागचं सव्वा वर्ष जास्त महत्त्वाचं वाटतं. ते लोक स्टुडिओत नवं काही करायला गेलेच नव्हते. रात्री कार्यक्रमात जे वाजवतो तेच दिवसा यंत्रासमोर वाजवलं, आणि बेनचा शहाणपणा असा की त्यानं त्यात ढवळाढवळ केली नाही.

बेननं नंतर भर घातली ती पहिल्या गाण्याच्या तोंडाशी. पाऊस, दूरवर चर्चची घंटा, ढगांचा गडगडाट. आणि मग गिटारचे तीन स्वर, ज्यांच्यावर एक अख्खी परंपरा उभी राहिली. आपल्या भाषेत सांगायचं तर खालचा षड्ज, वरचा षड्ज, आणि तिथून खाली उतरून तीव्र मध्यम. तीव्र मध्यम म्हणजे सप्तकाचा बरोबर मध्य. खालच्या सा पासून सहा पायऱ्या वर आणि वरच्या सा पासून सहाच पायऱ्या खाली. दोन्ही घरं सारखीच लांब.

आपल्या कानाला हा स्वर परका नाही. यमन ऐकून वाढलेल्या माणसाला त्यात भय कसलं? पण यमनात गवई तीव्र मध्यमावरून पंचमावर जातो आणि ऐकणारा सैल होतो. मारव्यात पंचमच नाही, षड्जावरही फार टेकायचं नाही, आणि म्हणून मारवा जिवाला हुरहूर लावतो. आयोमीची जात मारव्याच्या जवळची. तो तीव्र मध्यमावर येतो, तिथे बोट थरथरवतो, आणि विसावा न देता पुन्हा खालच्या सा वर आदळतो. पुन्हा तेच. पुन्हा तेच. बटलरला गुस्टाव्ह होल्स्टच्या ‘द प्लॅनेट्स’मधला ‘मार्स’ फार आवडायचा, तो बासवर त्याचे तुकडे वाजवत बसायचा, आणि त्याच्याच नादात आयोमीला हे स्वर सापडले, असं हे दोघं सांगत आले आहेत. मध्ययुगात चर्चनं या स्वरांतरावर बंदी घातली होती आणि वाजवणाऱ्याला शिक्षा व्हायची, ही कथा मात्र सोडून द्या. जुने शास्त्रकार ते टाळायला सांगत हे खरं. ‘संगीतातला सैतान’ हे नाव ग्रंथांतून रूढ झालेलं दिसतं ते अठराव्या शतकात. आयोमीनं यातलं काही वाचलेलं नव्हतं. त्याच्या कानाला ते स्वर अशुभ लागले आणि त्यानं ते सोडले नाहीत, यातच त्याचं मोठेपण.

आता शब्दांकडे वळू. या गाण्यातला माणूस सैतानाची आरती करत नाही. समोर एक काळी आकृती उभी राहून आपल्याकडे बोट दाखवते आहे हे पाहून तो गर्भगळीत झाला आहे, पळतो आहे आणि देवाचा धावा करतो आहे. मूळ प्रसंग बटलरचा. त्या काळात त्याला गूढविद्येचं वेड होतं. राहती खोली त्यानं काळी रंगवली होती, भिंतीवर उलटे क्रूस लावले होते. ऑझीनं आणून दिलेलं एक जुनं पुस्तक घरात ठेवून तो झोपला आणि रात्री जाग आली तेव्हा पायथ्याशी एक काळी आकृती दिसली. सकाळी पाहिलं तर पुस्तक गायब, असं तो सांगतो. खरं-खोटं त्याचं त्याला माहीत. त्याची प्रतिक्रिया काय झाली ते महत्त्वाचं आहे. कॅथलिक घरातलं ते पोर भेदरलं आणि त्यानं तो नाद सोडला. ऑझीनं ही भीती गाताना तिला नटवलं नाही. त्याच्या आवाजात मुरकी नाही, कंप नाही. गिटार मागे सरते, वॉर्डचे ड्रम खाली धडधडत राहतात आणि एक उघडा आवाज जवळजवळ बोलल्यासारखा मदत मागतो. शिकलेला गायक तिथे काहीतरी करून दाखवायला गेला असता.

बाकीच्या तबकडीची प्रत सगळीकडे सारखी नाही. ‘द विझार्ड’मध्ये ऑझीचा माऊथ ऑर्गन आहे आणि जादूगार आहे तो टॉल्किनच्या गँडाल्फवरून घेतलेला, म्हणजे भल्या माणसांच्या बाजूचा. ‘बिहाइंड द वॉल ऑफ स्लीप’ हे नाव लव्हक्राफ्टच्या कथेवरून. ‘ईव्हिल वुमन’ हे अमेरिकेतल्या क्रो या बँडचं गाणं, सिंगल म्हणून खपावं या हिशेबानं यांच्या गळ्यात मारलेलं. ते ऐकताना मन लागत नाही. अमेरिकेतल्या आवृत्तीत त्याच्या जागी ‘विकेड वर्ल्ड’ हे यांचं स्वतःचं गाणं आलं ते बरंच झालं. ‘वॉर्निंग’ ही एन्स्ली डन्बारच्या बँडची रचना इथे दहा मिनिटांवर चालते. स्टुडिओत वाजवलेला गिटारचा विस्तार त्याहूनही लांब होता, तो कापावा लागला. मला ती लांबण खटकत नाही. हॅम्बुर्गच्या त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर ही पोरं काय करत होती, त्याचा पुरावाच तिथे हाताला लागतो.

आणि ‘एन. आय. बी.’ या अक्षरांमागे काहीतरी भयंकर दडलं आहे असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. वॉर्डची दाढी टाकाच्या निबासारखी दिसायची म्हणून मित्र त्याला चिडवायचे, त्यातून हे नाव आलं. गाण्यात ल्युसिफर आहे खरा, पण तो एका मुलीच्या प्रेमात पडून बदलायला निघालेला ल्युसिफर आहे. वीस वर्षांच्या मुलाला सैतान असाच सुचायचा.

या संगीतावर कारखान्यातल्या घणांचा ठोका उमटला आहे, असं सिद्धान्तासारखं मांडलं जातं. वॉर्डकडे कान देऊन ऐका, म्हणजे हा सिद्धान्त फार टिकत नाही. यंत्राचा ठोका सारखा पडतो. वॉर्डचा पडत नाही. तो जीन क्रुपासारख्या जाझवाल्यांना ऐकून घडला होता. तो लय मागेपुढे झुलवतो, आयोमीच्या वाक्याला उत्तर देतो, मध्येच गप्प बसतो. बटलर मुळात गिटार वाजवणारा, बासवर आला तो गरज म्हणून. त्यामुळे नुसता आधारस्वर धरून बसणं त्याला जमलं नाही. तो तारा ओढतो, आयोमीच्या सुरावटीला बिलगून चालतो आणि सोलोच्या वेळी खाली दुसरी गिटार असावी तशी जागा भरून काढतो. आयोमीची बोटं जिथे थांबतात तिथे बटलर आणि वॉर्ड पुढे होतात. पुढच्या पिढ्यांनी या बँडकडून जडपणा उचलला, वेग वाढवला, आवाज वाढवला. हे झुलणं फार थोड्यांनी उचललं, याचं मला वाईट वाटतं.

मग सैतानाची कीर्ती कुठून आली? बरीचशी कव्हरवरून. कीथ मॅकमिलन या छायाचित्रकारानं ऑक्सफर्डशायरमध्ये टेम्सकाठच्या मेपलडरहॅमच्या जुन्या पाणचक्कीपाशी इन्फ्रारेड फिल्मवर एक चित्र घेतलं. झाडांचा रंग उलटा-पालटा झालेला आणि मध्ये काळा झगा घातलेली एक फिकट स्त्री. हे चित्र अप्रतिम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कव्हर उघडलं की आत मोठा उलटा क्रूस आणि त्यात छापलेली एक कविता. हा कंपनीच्या माणसांचा उपद्‌व्याप. बँडला कुणी विचारलं नव्हतं. शुक्रवार १३ तारीखही अशीच साधलेली. परिणाम असा झाला की खरेखुरे सैतानपूजक यांच्या दारात येऊ लागले आणि ही पोरं आणखी घाबरली. ऑझीचे वडील कारखान्यात टूलमेकर होते. त्यांनी चौघांसाठी धातूचे क्रूस घडवून दिले, गळ्यात घालायला, रक्षणासाठी. फोटोत त्यांच्या छातीवर लोंबणारे ते क्रूस पाहून जगाला वाटलं की हेही सैतानाचंच काहीतरी. एका कामगार बापानं पोरांसाठी घडवलेला तो ताईत होता. आजच्या व्याख्यानात एवढी एक गोष्ट तुमच्या लक्षात राहिली तरी मी समाधानी आहे.

समीक्षकांनी तबकडी उडवून लावली. अमेरिकेत ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकात लेस्टर बँग्स या तिखट लेखकानं तिला क्रीम या बँडची कच्ची नक्कल ठरवलं. ब्लूजच्या नेहमीच्या मोजपट्टीनं मोजलं तर तो चुकला असंही म्हणता येणार नाही, कारण त्या पट्टीवर ‘वॉर्निंग’ कमीच भरतं. त्याची मोजपट्टी तीव्र मध्यमापाशी अपुरी पडली. लोकांनी मात्र वाट पाहिली नाही. तबकडी ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकावर पोहोचली. अमेरिकेत ती १ जूनला निघाली आणि तेविसाव्या क्रमांकापर्यंत गेली. जाहिरातीवर फार खर्च झाला नव्हता. ज्यांच्या घरात असाच भोंगा वाजत होता, त्या पोरांनी ती एकमेकांना ऐकवली असावी.

५ जुलै २०२५ रोजी हे चौघं ॲस्टनमध्येच, व्हिला पार्कच्या मैदानावर, शेवटचे एकत्र वाजले. ऑझीला आजारानं उभं राहवत नव्हतं, तो सिंहासनावर बसून गायला. त्या दिवशी वाजलेल्या चार गाण्यांत ‘एन. आय. बी.’ होतं. सतरा दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला.

अल्बम ऐकायचा असेल तर ब्रिटिश आवृत्तीच्या क्रमानं ऐका. सुमारे ३८ मिनिटांचं काम आहे. पहिल्यांदा फक्त पहिलं गाणं लावा आणि पाऊस थांबेपर्यंत धीर धरा. दुसऱ्यांदा गिटारकडे दुर्लक्ष करून वॉर्डच्या मागे जा. ‘एन. आय. बी.’ला पोहोचलात की बटलरची बास आधी एकटी येते, तिला धरून ठेवा आणि गाणं संपेपर्यंत सोडू नका.